चालण्याचं व्रत, थांबण्याचं व्रत

आषाढ शुद्ध एकादशीपासून पाच-सहा दिवसांत महाराष्ट्रातले तीन प्रकारचे चालणारे थांबतात. एकादशीला वारकरी पंढरपुरात पोचलेले असतात. चतुर्दशीला जैन साधू-साध्वींचा चातुर्मास बसतो आणि पुढचे चार महिने त्यांचा विहार बंद होतो. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी बौद्ध भिक्षूंचा वर्षावास सुरू होतो. परंपरा वेगळ्या, देवाविषयीच्या कल्पना वेगळ्या, काहींना देवच मान्य नाही. पण पंचांगातली जागा जवळपास एकच.

नेमक्या याच दिवसांत चौथ्या प्रकारचा चालणारा घराबाहेर पडतो. शनिवारी रात्री घाटकोपर, मुलुंडच्या फलाटांवर सॅकला रेनकव्हर चढवलेली तरुण मंडळी कर्जत-कसाऱ्याच्या शेवटच्या लोकलची वाट पाहत उभी असतात. बोरिवली-अंधेरीची मंडळी दादरला गाडी बदलून त्यांना येऊन मिळतात. कुणी पेठला, कुणी राजमाचीला, कुणी कळसूबाईला, कुणी लोहगडाला. आठ महिने एसी ऑफिसात आणि लोकलच्या डब्यात काढलेल्या माणसाला पहिल्या पावसानंतरची गडवाट काय देते, हे ज्यानं ती अनुभवली त्यालाच ठाऊक. धुक्यातून अचानक उघडणारी दरी, कातळावरून ओघळणारं पाणी, बुरुजावर उगवलेलं गवत, हे सगळं आठ दिवस अंगात राहतं. ‘ट्रेक हाच माझा धर्म’ असं म्हणणारी माणसं उपनगरांत पुष्कळ भेटतात आणि त्यांच्या म्हणण्यात खोटेपणा नसतो.

म्हणूनच त्यांच्यासमोर एक जुना प्रश्न ठेवावासा वाटतो. चालणं जर धर्म असेल, तर ज्यांनी या भूमीवर सर्वांत आधी चालण्याला धर्म मानलं, ते पावसाळ्यात का थांबले?

सोपं उत्तर असं, की रस्ते नव्हते, पूल नव्हते, नद्यांना पूर येत, मग माणूस थांबणारच. व्यापारी थांबत, सैन्यं थांबत, तसेच भिक्षूही. हे खरं आहे, पण विनयपिटकातल्या महावग्गात वर्षावासाची जी कथा येते, तिच्यात पुराचा आणि चिखलाचा मुद्दा नाही. बुद्ध राजगृहात होते. भिक्षू हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा असे तिन्ही ऋतू चालत. लोकांनी तक्रार केली, की हे श्रमण कोवळं गवत तुडवतात, एकेंद्रिय जिवांना इजा करतात, बारीकसारीक प्राणी मारतात. इतर पंथांचे संन्यासी पावसाळ्यात एका जागी राहतात, पाखरंसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटं बांधून बसतात. मग यांनाच काय झालं? ही तक्रार ऐकून बुद्धांनी वर्षावासाचा नियम घालून दिला.

या कथेतली सर्वांत मोलाची गोष्ट अशी, की हा नियम ध्यानातून किंवा साक्षात्कारातून आला नाही. तो लोकांच्या तक्रारीतून आला, आणि ही तक्रार जमिनीकडे पाहत जगणाऱ्यांची होती. नुकतं उगवलेलं पातं पायाखाली गेलं तर काय होतं, हे शेतकऱ्याला कळतं, तत्त्वचिंतकाला कळेलच असं नाही. बुद्धांचा मोठेपणा हा, की त्यांनी ती तक्रार परतवून लावली नाही. ‘आम्ही दुःखमुक्तीचा मार्ग शोधतो आहोत, गवताचं काय घेऊन बसलात’ असं त्यांना म्हणता आलं असतं.

आता अडचण पाहा. भिक्षू चालत होता तो हौसेनं नव्हे. एका जागी राहिलं की जागा आपली वाटू लागते, लोक आपले वाटू लागतात, झाडाची सावलीही आपली वाटू लागते. हा चिकटपणा सुटावा म्हणून चारिका, म्हणजे सतत फिरत राहणं. जैन परंपरेत तर याचा काटेकोर हिशोब आहे. वर्षाचे आठ महिने साधूनं एका गावी एका महिन्याहून जास्त राहायचं नाही. असे आठ आणि चातुर्मासाचा एक, मिळून नऊ कल्प, म्हणून त्याला नवकल्पी विहार म्हणतात. गौतम आणि बौधायन यांच्या धर्मसूत्रांतही संन्याशानं पावसाळ्यात एका जागी राहावं असं सांगितलेलं आहे. म्हणजे पंथ कोणताही असो, इथल्या विरक्तापुढे दोन व्रतं समोरासमोर उभी होती. काही आपलं म्हणायचं नसेल तर चालत राहायला हवं. कुणाला मारायचं नसेल तर थांबायला हवं. अपरिग्रह त्याला पुढे ढकलतो आणि अहिंसा मागे खेचते.

या पेचातून तत्त्वज्ञानाच्या वादविवादानं सुटका झाली नाही. सुटका कॅलेंडरनं केली. आठ महिने एका व्रताचे, चार महिने दुसऱ्याचे. कोणतंही व्रत दुसऱ्याला गिळत नाही आणि कोणतंही बारमाही राज्य करत नाही. धर्मविचारात ऋतूला इतकं मानाचं स्थान देणारी तोड दुसरीकडे क्वचितच सापडेल.

अर्थात थांबण्याची किंमत होती, आणि ती पाहायला उपनगरवासीयांना लांब जायला नको. अंधेरी पूर्वेला, महाकाली केव्हज रोडच्या टोकाशी, कोंडिवट्याची लेणी आहेत. त्यातल्या नवव्या लेण्यात सभागृहाच्या मागच्या बाजूला एक गोल खोली आहे. तिच्या भिंतीला दगडी जाळीच्या खिडक्या आहेत आणि आत स्तूप. बाहेरून पाहिलं तर ती गवतानं शाकारलेल्या झोपडीची दगडातली नक्कल वाटते. महावग्गाचा आणखी एक नियम असा, की वर्षावास उघड्यावर किंवा झाडाच्या ढोलीत करायचा नाही, नीट निवारा हवा. पावसाळ्यापुरती बांधायची आणि नंतर सोडून द्यायची झोपडी, आणि ती इथे कातळात कायमची कोरलेली. अपरिग्रहाच्या वाटेवर निघालेल्या माणसाला अहिंसेनं घर दिलं आणि घर हळूहळू दगडाचं झालं.

कान्हेरीत हीच गोष्ट मोठ्या आकारात दिसते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून पाच-सहा किलोमीटर आत, शंभराहून अधिक लेणी. इथलं काम सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपास सुरू झालं आणि वस्ती हजार वर्षं टिकली. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत सुमारे सात मीटर उंचीच्या दोन बुद्धमूर्ती आहेत. त्या पाहून माणसं बहुधा परततात. पण कान्हेरीचं खरं शहाणपण पाण्यात आहे. लेण्यालेण्याशेजारी कातळात कोरलेलं टाकं, ज्याला शिलालेखांत पोढी म्हटलं आहे, आणि पावसाचं पाणी तिथवर आणणाऱ्या दगडी पन्हळी. कल्याणच्या, सोपाऱ्याच्या दात्यांनी ही लेणी आणि ही टाकी दिली, असं तिथल्या भिंती सांगतात. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इथे शिलाहारांची सत्ता असताना कोरलेल्या एका लेखात डागडुजी आणि भिक्षूंची वस्त्रं यांच्याबरोबर ग्रंथांसाठीही दान दिल्याची नोंद आहे. पावसाळ्यापुरत्या मुक्कामाचं तोवर विद्यापीठ झालं होतं. दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत हा डोंगर इतका प्रसिद्ध होता, की 1009 आणि 1021 साली आलेल्या पारशी पाहुण्यांनी नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवली.

नुकसान झालं की फायदा? मठ श्रीमंत झाले, भिक्षू स्थिरावले, चारिकेचं व्रत क्षीण झालं, असं म्हणणारे अभ्यासक आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण थांबल्यामुळेच ग्रंथ लिहिले गेले, वाद झाले, विद्यार्थी आले. वर्षावास संपताना प्रवारणेचा विधी होतो. त्यात प्रत्येक भिक्षू इतरांना विनंती करतो, की या महिन्यांत माझ्याकडून काही चुकलेलं तुम्ही पाहिलं, ऐकलं असेल किंवा तुम्हाला तशी शंका असेल, तर सांगा. एकट्यानं चालणाऱ्याला हे ऐकायला मिळत नाही. त्यासाठी तीन महिने एका छपराखाली, एकमेकांच्या सवयी सहन करत राहावं लागतं.

कान्हेरीहून खाली उतरून घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवलीच्या रस्त्यावर आलं की हे व्रत इतिहासातून वर्तमानात येतं. या उपनगरांत जैन वस्ती मोठी आहे. देरासर, उपाश्रय, स्थानक जागोजागी आहेत. उरलेले आठ महिने पहाटेच्या अंधारात पांढऱ्या वस्त्रातल्या साध्वी अनवाणी, रस्त्याच्या कडेकडेनं निघालेल्या दिसतात. पुढेमागे प्रकाश परतवणारी जाकिटं घातलेले दोन-चार श्रावक चालत असतात, कारण महामार्गांवर विहार करताना साधू-साध्वींचे अपघाती मृत्यू झालेले आहेत. त्यांच्या चालण्याला नियम आहे. ईर्यासमिती नावाचा हा नियम सांगतो, की पावलापुढची चार हात जमीन पाहतच पाऊल टाकायचं. नजर देखाव्यावर नाही, क्षितिजावर नाही. जिथे पाय पडणार आहे तिथे आधी डोळा पोचला पाहिजे.

इथे कुणी विचारील, की एलबीएस मार्गाच्या डांबरावर कोणतं कोवळं गवत उगवतं? कारण संपलं तरी नियम चालूच ठेवायचा का? प्रश्न रास्त आहे. पण पावसाळ्यातलं मुंबईचं उपनगर जरा वाकून पाहावं. सोसायटीच्या कुंपणभिंतीवर, जिन्याच्या पायऱ्यांवर, फुटपाथच्या फरश्यांच्या फटींत हिरवं शेवाळ चढलेलं असतं. जैन जीवशास्त्राच्या दृष्टीनं शेवाळ ही साधी घाण नव्हे. त्याच्या कणाकणात अनंत जीव एक शरीर वाटून घेऊन राहतात. डांबरानं गवत मारलं, पण पावसात जीव उगवणं ते रोखू शकलं नाही. त्यामुळे उपाश्रयात थांबलेल्या साध्वीचा नियम आजही जिवंत जागेवरच उभा आहे.

महावीरांच्या चरित्राची एक गंमत वाटावी अशी नोंद कल्पसूत्रात आहे. गृहत्यागानंतरची त्यांची बेचाळीस वर्षं तिथे बेचाळीस पावसाळ्यांनी मोजलेली आहेत. एक अस्थिग्रामात, तीन चंपा आणि पृष्ठचंपेत, बारा वैशाली आणि वाणिज्यग्रामात, चौदा राजगृह-नालंदा परिसरात, सहा मिथिलेत, अशी ती यादी जाते आणि पावापुरीच्या शेवटच्या चातुर्मासापाशी संपते. आयुष्यभर चाललेल्या माणसाचा नकाशा त्याच्या थांबण्यांवरून काढलेला. आजच्या ट्रेकरच्या फोनमध्ये नेमकं उलटं असतं: किती किलोमीटर, किती उंची, किती वेळ.

मराठी माणसाला अधिक ओळखीचं उदाहरण नर्मदा परिक्रमेचं आहे. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’पासून जगन्नाथ कुंट्यांच्या ‘नर्मदे हर हर’पर्यंत या वाटेनं मराठी वाचकाला ओढ लावली आणि अनेकांना खरोखर घराबाहेर काढलं. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, ती ओलांडायची नाही, मिळेल ते खायचं. परंपरेनं सांगितलेला काळ तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. तो इतका लांब होण्याचं एक कारण हेच, की चातुर्मासात परिक्रमा थांबते. परिक्रमावासी ज्या गावी असेल तिथे राहतो आणि पावसाळा सरल्यावर तिथूनच पुढे निघतो. नदी भरात असते तेव्हा तिच्या काठची जागा नदीची.

हे सगळं वाचून वारकरी हसेल. तो तर भर पावसाच्या तोंडावर निघतो. ज्येष्ठ वद्यात आळंदी आणि देहू सोडायचं, दिवेघाट चढायचा, नीरेत पादुकांना स्नान घालायचं, रिंगणं करायची आणि अठरा-वीस दिवसांत पंढरी गाठायची. पौर्णिमेच्या काल्यानंतर पालख्या पावसातच परतीच्या वाटेला लागतात. इथे वर्षावासाचा सिद्धान्त अडतो, आणि तो अडू द्यावा. सगळ्या परंपरा एका सूत्रात ओवण्याचा हट्ट खोटं बोलायला लावतो. वारकरी संन्यासी नाही. त्याला घर सोडायचं नाही, घरी परत यायचं आहे, शेत पेरून आलाय, ते बघायचं आहे. आपलेपणाचा चिकटपणा सुटावा म्हणून त्याला चालायचं नाही, उलट त्याला चालता चालता जास्त जणांना आपलं म्हणायचं आहे. समोरचा कुणीही असो, माउली म्हणून त्याच्या पाया पडायचं. तरीही एक गोष्ट डोळ्यांत भरते. ज्या एकादशीसाठी वारी पोचते त्याच दिवशी, देवशयनीला, चातुर्मास सुरू होतो आणि विठ्ठलाच्या दाराशी पोचलेल्यांपैकी काही जण कार्तिकीपर्यंत तिथेच मुक्काम करतात. वारी थांबण्याच्या उंबरठ्यापर्यंतच चालते.

ट्रेकर भिक्षूपेक्षा वारकऱ्याच्या जवळचा आहे, हे उघड आहे. तोही गृहस्थ, तोही सोमवारी कामावर जाणार. मग त्यानं वारकऱ्याकडूनच काही घ्यावं का? वारीची वाट ठरलेली आहे, मुक्काम ठरलेले आहेत. 1685 मध्ये तुकोबांचे पुत्र नारायण महाराजांनी पालखी सुरू केली तेव्हापासून वाटेवरच्या गावांना ठाऊक आहे, की कोण येणार, कधी येणार, किती दिवस राहणार. वारी चालणाऱ्याची असते तितकीच वाट देणाऱ्याचीही असते. गडवाटेबद्दल असं म्हणता येईल का, इकडे पुढे वळायचं आहे. त्याआधी थोडं दूर जाऊन येऊ.

फ्रान्सच्या दक्षिणेला ल प्यूई नावाच्या गावातून एक पायवाट निघते आणि पिरेनीज पर्वतापर्यंत जाते. स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या ख्रिस्ती यात्रेकरूंची ही मध्ययुगीन वाट. ल प्यूईचा बिशप गोदेस्काल्क 950-51 मध्ये सांतियागोला गेला, तो या वाटेचा सर्वांत जुना नावानिशी ठाऊक असलेला फ्रेंच यात्रेकरू मानला जातो. आज तिच्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा आहेत आणि जीआर 65 असा क्रमांक आहे. फ्रान्समध्ये अशा खुणांच्या वाटा आखायला 1947 मध्ये लुआर नदीच्या काठाने सुरुवात झाली. वाटेत लो नदीवर एस्तें नावाचं गाव लागतं: जुना दगडी पूल, पुलापलीकडे उतरत्या छपरांची घरं आणि सर्वांच्या डोक्यावर किल्ला. तो किल्ला 2005 मध्ये फ्रान्सचे माजी अध्यक्ष व्हालेरी जिस्कार देस्तें यांनी विकत घेतला. यात्रेकरू आणि हौशी पदयात्री इथे खांद्याला खांदा लावून चालतात. श्रद्धेनं कोण आणि सुट्टीसाठी कोण, हे बुटांवरून ओळखता येत नाही.

एस्तेंच्या आधी ओब्राकचं उघडं पठार लागतं. तिथे बर्फ आणि धुकं इतकं, की माणसं वाट चुकून मरत. म्हणून बाराव्या शतकात आदालार नावाच्या फ्लेमिश सरदारानं तिथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारली. तिच्या मनोऱ्यातली एक घंटा ‘हरवलेल्यांची घंटा’ म्हणून प्रसिद्ध आहे. धुक्याच्या आणि वादळाच्या वेळी ती वाजवत राहायची, म्हणजे पठारावर भटकणारा आवाजाच्या दिशेनं येईल. त्या घंटेमागची करुणा विलक्षण आहे. अनोळखी, न दिसणाऱ्या माणसासाठी कुणीतरी रात्रभर दोर ओढत बसायचं.

पण या करुणेची दिशा पाहावी. ऋतू वाईट आहे तर चालणाऱ्याला वाचवा. ख्रिस्ती विचारात माणूस या पृथ्वीवरचा यात्रेकरू, त्याचं खरं घर दुसरीकडे. धोका चालणाऱ्याला आहे, म्हणून आधार चालणाऱ्याला. महावग्गातल्या तक्रारीनं बोट दुसरीकडे दाखवलं होतं. ऋतू नाजूक आहे, धोका चालणाऱ्याकडून आहे. यातली एक करुणा श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असं ठरवण्याचं कारण नाही. दोन्ही हव्यात. पण आज आपल्याकडे पावसाळी भटकंतीची चर्चा होते ती फक्त पहिल्या दिशेनं. 30 जून 2024 ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर पुणे जिल्ह्यात प्रतिबंधात्मक आदेश निघाले, अनेक जागांवर मनाई आली. आदेश आवश्यकच होते. त्यात माणसाच्या जिवाची काळजी होती. डोंगराच्या जिवाची भाषा आपल्या सरकारी आदेशांना अजून अवगत नाही.

डोंगराला पावसाळ्यात होतं तरी काय? लाल माती भिजून लोण्यासारखी झालेली असते. एका बुटानं काही बिघडत नाही. शेकडो बूट एका चढावर घसरले की पायवाटेची घळ होते. पुढचा जथा चिखल टाळायला कडेच्या गवतातून जातो, म्हणजे वाट रुंदावते आणि पुढच्या पावसात तीही वाहते. याच महिन्यांत बेडकांची वीण, खेकड्यांची ये-जा, कातळावरच्या फुलांचे कोंभ. सह्याद्रीची बरीचशी सृष्टी आपलं वर्षभराचं काम या चार महिन्यांत उरकते.

आता लोहगड. घाटकोपर-मुलुंडच्या ट्रेकरची ही पहिली यत्ता. लोणावळ्याला उतरायचं, पुण्याकडची लोकल पकडून मळवलीला यायचं, भाजे लेण्यांच्या पायथ्यावरून चढत लोहगडवाडी गाठायची. वर किल्ला आणि विंचूकाटा, खाली दरीतून वाहणारी इंद्रायणी. ही नदी इथून कामशेतकडे, पुढे देहू आणि आळंदीला जाते, तुळापूरला भीमेला मिळते आणि भीमा पंढरपूर गाठते. लोहगडाच्या उत्तर उतारावर पडलेला पाऊस चंद्रभागेपर्यंत जातो. किल्ला, नदी आणि यात्रेची वाट यांची अशी गुंफण एस्तेंलाही अभिमान वाटावा अशी आहे. जुलै 2025 मध्ये पॅरिसला भरलेल्या अधिवेशनात युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात लोहगड आहे.

जुलै 2023 मधल्या एका रविवारी याच लोहगडाच्या पायऱ्यांवर इतकी गर्दी झाली, की माणसं तासन्‌तास अडकून पडली. पुढे सरकता येईना, मागे फिरता येईना.

त्या पायऱ्यांवरून पाहिलं तर दरीपलीकडच्या डोंगरात कार्ल्याची लेणी आहेत. तिथल्या चैत्यगृहात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात करजिक नावाचं गाव दान दिल्याची नोंद आहे. कशासाठी? वलूरकच्या, म्हणजे कार्ल्याच्या, लेण्यांत वर्षावास करणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी, आणि तेही पंथाचा भेद न करता. याच उषवदातानं नाशिकच्या लेण्यांसाठी विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण नाणी कायमची ठेव म्हणून ठेवली. त्यातल्या दोन हजारांच्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी मिळायचे. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाची सत्ता उखडून टाकली, पण त्याच करजिक गावाचं दान त्यानं मावळच्या अमात्याला हुकूम पाठवून चालू ठेवलं. युद्ध झालं, राजवंश बदलला, नाणी पुन्हा पाडली गेली. पावसात थांबणाऱ्यांची तरतूद मात्र मोडली नाही.

म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या दरीत थांबणं हा एकट्यादुकट्याचा संयम नव्हता. त्यामागे गावाचा महसूल होता, विणकरांचं व्याज होतं, राजाचा हुकूम होता. भिक्षूला कुणी नुसता उपदेश केला नाही, की बाबा, गवत तुडवू नकोस. त्याला छप्पर, वस्त्र आणि अन्न दिलं, मग तो थांबू शकला.

ट्रेकरला थांबायला सांगण्यात तशी अडचण नाही. त्याला घर आहे. अडचण लोहगडवाडीची आहे, भाज्याची आहे. कांदाभजी, चहा, भाजलेलं कणीस, पिठलं-भाकरी, रात्रीचा मुक्काम, गाडी लावायची जागा, यातून पायथ्याच्या घरांना जे मिळतं ते बहुतेक याच चार महिन्यांत. गडाला श्रावणात पंधरा दिवस विश्रांती द्यावी, असं अंधेरीच्या बाविसाव्या मजल्यावरून सुचवणं सोपं आहे. त्या पंधरा दिवसांची चूल कशी पेटायची, याचं उत्तर सुचवणाऱ्यानं द्यायला हवं.

उत्तरं अगदीच नाहीत असं नाही. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे, शुल्क आहे, आणि राखणदारी आसपासच्या गावांच्या समित्यांकडे आहे. मुलुंडचे चक्रम हायकर्स आपली ‘सह्यांकन’ ही अनेक दिवसांची डोंगरयात्रा पावसाळा टळल्यावर, कोरड्या वाटांवर नेतात. मुंबईतल्या पावसाळी ट्रेक आयोजित करणाऱ्या संस्था माणशी जे पैसे घेतात, त्यातला ठरावीक वाटा एका कायमच्या निधीत गेला आणि त्याच्या व्याजातून लोहगडवाडीला गड बंद असण्याचे पंधरा दिवस भरून मिळाले, तर ते उषवदाताच्या नाशिकच्या लेखाहून फारसं वेगळं असणार नाही. त्या लेखात रक्कम कोणाकडे ठेवायची, व्याज काय, ते कोणाला किती द्यायचं, हे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे. लोहगडासाठी ही कलमं लिहायला बसायचं, तर पहिली बैठक लोहगडवाडीत आणि पाऊस सुरू होण्याआधी घ्यावी लागेल.